पाऊल कुठं टाकू? क्रिकेटमधून बेसबॉलला गेलेल्या पोराची अडचण

गोदाकाठ (मंगळवार, रात्री 10:42)

धागा 'क्रिकेट'मध्ये टाकावा का 'इतर खेळ'मध्ये, ह्यातच चहा गार झाला. शेवटी इथं टाकतोय, संपादकांनी हवा तिथं हलवावा.

आमचं थोरलं नववीला आहे. परभणीत राहतो. चौथीपासून क्रिकेट खेळतंय, आणि बापानं म्हणू नये पण बॅटिंग बरी आहे. जुलैत शाळेच्या बेसबॉल टीमला एक गडी कमी पडला, तर सरांनी ह्याला वर्गातून उचललं. "बॅट धरता येते ना? चल मग." पोरगं खूश. मीपण म्हणलं, बॅट ती बॅटच.

तसं नसतंय, हे तीन मॅचमध्ये कळलं. एकतर बॉल जमिनीवरून टुकूटुकू थर्ड बेसकडं जातो आणि हा फर्स्ट बेसला (मारल्यावर पळत गाठायचं पहिलं ठाणं) पोचायच्या आधी आउट. नाहीतर पिचरनं (आपल्या बॉलरसारखा बॉल टाकणारा) हळू टाकला की ह्याची बॅट आधीच फिरून मोकळी. सर म्हणाले, "पाय लई टाकायलास." पुढच्या दिवशी ह्यानं पायच टाकला नाही, खांबासारखा उभा राहून नुसत्या हातानं फिरवली. तर म्हणाले, "आता पाय कामून टाकंना गेलास?" सर चांगले आहेत, पण त्यांचा खेळ कबड्डी. त्यांना तरी काय म्हणावं.

रविवारी मी बाजूनं मोबाइलवर व्हिडिओ काढला. मैदानाच्या मागं विजेचा खांब आहे, त्यावर काळा पट्टा मारलेला. पोरगं वाट बघत उभं असतं तेव्हा हेल्मेट पट्ट्याच्या वर दिसतं. पाऊल पडून बॅट फिरते तेव्हा पट्ट्याच्या खाली. चांगलं वीतभर डोकं खाली येतंय. हे बरोबर का चूक, तेच मला कळत नाही, कारण क्रिकेटमध्ये तर ड्राइव्हला आपण वाकतोच की.

तर प्रश्न एवढाच: बेसबॉलच्या बॅटरनं पुढचं पाऊल किती टाकावं, कुठं टाकावं, कधी टाकावं? कुणी खेळलेलं असेल तर सांगा.


हुरडापार्टी (मंगळवार, रात्री 10:58)

परभणीत बेसबॉल! आम्ही बोरीकडं फक्त बोरं आणि बॉलिंग बघितली. हुरडा घेऊन बसलोय, चालू द्या.


स्क्वेअरलेग (मंगळवार, रात्री 11:20)

ह्यात विचारायचं काय? बॉलच्या टप्प्याकडं पाय जायलाच पाहिजे. पाय न हलवता मारणं म्हणजे यात्रेतल्या फुग्याला बंदूक लावणं. पोराचं क्रिकेट बरं चाललंय तर कशाला त्याला दुसरीकडं गुंतवता?


गोदाकाठ (मंगळवार, रात्री 11:31)

@स्क्वेअरलेग, त्याला आवडतंय म्हणून. आणि खरं सांगायचं तर क्रिकेटला जिल्ह्याच्या टीममध्ये पंधरा जागा आणि दारात चारशे पोरं. इथं नंबर लागतो. दहावीच्या सवलतीच्या गुणांचा हिशोब पोराच्या आईनं आधीच मांडून ठेवलाय.


तिसराबेस नांदेड (बुधवार, सकाळी 7:05)

अरे वा, आपल्या गावचा विषय! मी सॉफ्टबॉल खेळले, शाळा आणि कॉलेज मिळून आठ वर्षं. मराठवाड्यात हे खेळ नाहीत असं वाटणाऱ्यांनी शालेय स्पर्धांच्या वेळी एकदा मैदानावर यावं. मुलींच्या टीमा तर खेड्यांतून येतात, जीपमध्ये बॅटा पायाखाली घेऊन.

दादा, तुमच्या पोराला जे होतंय ते क्रिकेटमधून आलेल्या दहांपैकी आठ जणांना होतं (आकडा माझ्या मनाचा). शाळेवर निघालेय, सविस्तर संध्याकाळी लिहिते. तोवर एकच करा, पाऊल पडल्यावर बॅटवरचे हात कुठं असतात तेवढं व्हिडिओत बघा. पायाबरोबर पुढं आलेत का खांद्यामागंच आहेत?


फक्की (बुधवार, दुपारी 1:15)

नमस्कार. मी क्रीडाशिक्षक होतो, निवृत्त झालो. सत्तावीस वर्षं मैदानावर फक्की (रेषा आखायची पांढरी भुकटी) मारली, म्हणून हे टोपणनाव. बेसबॉल-सॉफ्टबॉल दोन्हीच्या टीमा उभ्या केल्या. आज लाइट नाही, मोबाइलवर टाइप करतोय, शुद्धलेखन माफ करा.

स्क्वेअरलेगभाऊंचं म्हणणं त्यांच्या खेळापुरतं शंभर टक्के खरं आहे, आणि घोटाळा तिथंच आहे. क्रिकेटमध्ये बॉल टप्पा खातो. टप्पा कुठं पडतोय ते बघून पाय त्या दिशेला जातो, डोकं गुडघ्यावर येतं, वजन पुढच्या पायावर जातं आणि सरळ बॅट खाली येते. म्हणजे पाय बॉलला शोधत जातो. बेसबॉलमध्ये टप्पा नाही. बॉल हवेतून येतो आणि तो बॅटरसमोर जमिनीवर बसवलेल्या 17 इंच रुंदीच्या प्लेटच्या वरून, गुडघ्यापासून छातीच्या आसपासपर्यंतच्या चौकटीत आला तरच कामाचा. पिचरच्या हातातून बॉल सुटायच्या सुमाराला बॅटरचा पाय उचललेला असतो. बॉल आत येणार का बाहेर, हे तेव्हा देवालाही माहीत नसतं. मग पाय बॉलकडं टाकणार कसा? म्हणून बेसबॉलचं पाऊल दरवेळी एकाच जागी, एकाच मापाचं, सरळ पिचरकडं. आतला बॉल असो का बाहेरचा, पावलात फरक नाही. फरक कमरेनं आणि हातानं करायचा.

आता पाऊल कशासाठी? पोरांना वाटतं जोरासाठी. पुढं झेप घेतली की बॉल लांब जाईल. तसं असतं तर लांब उडीवाल्यांनी सगळे होमरन मारले असते. जोर येतो कमरेच्या फिरकीतून, आणि कमर फिरायला पुढचा पाय आधी जमिनीत रोवलेला लागतो. दाराला बिजागरी लागते तशी. पाऊल म्हणजे बिजागरी बसवणं. दार नंतर फिरतं.

त्यामुळं क्रम असा. पिचर मागं ताणतो तेव्हा बॅटरनंही थोडं वजन मागच्या पायावर घ्यायचं, मागच्या पंजाच्या आतल्या कडेवर. बाहेरच्या कडेवर गेलं की तोल गेला. मग पुढचा पाय हलका पुढं. माप? आमच्या टीमला मी एक वीत सांगायचो. उंच पोराला वीत-चार बोटं. उभं राहतानाच पाय खांद्यापेक्षा जरा फाकलेले असतील तर त्याहून कमी. पाऊल पडतं ते अंगठ्याकडच्या चवड्यावर, टाच अधांतरी, आणि पंजा अर्धवट बंद, म्हणजे बोटं ना पूर्ण पिचरकडं, ना पूर्ण प्लेटकडं, मधोमध. बोटं पिचरकडं वळली की कमर आधीच उघडली, जोर सांडला. पूर्ण प्लेटकडं राहिली तर कमर अडकते आणि गुडघ्यावर ताण येतो.

पडायचं कसं, तर पावसाळ्यात ओढा ओलांडताना आपण पहिलं पाऊल कसं टाकतो? चवडा टेकवून अंदाज घेतो, अंग अजून काठावरच असतं. तसं. आणि पाऊल पुढं जातं त्याच वेळी हात किंचित मागं. बेचकीचं रबर ताणल्यासारखं. इथवर काहीच मारलेलं नाही, हे लक्षात घ्या. मग टाच खाली, पुढचा पाय ताठ, मागचा गुडघा आत, कमर, आणि सगळ्यात शेवटी हात.

तुमच्या पोराचं डोकं वीतभर खाली येतंय म्हणजे पाऊल दीड-दोन हाताचं पडतंय. डोकं खाली येताना डोळेही खाली येतात, म्हणजे सरळ येणारा बॉल त्याला वर चढल्यासारखा दिसतो. शिवाय वजन पावलाबरोबर वाहून गेलेलं. आता बॉल हळू आला की थांबायला मागं काही शिल्लकच नाही. हात लवकर येतात, मनगटं बॉलवर पालथी पडतात आणि बॉल खाली दबून थर्डकडं लोळतो. तुम्ही लिहिलेली दोन्ही दुखणी एकाच पावलाची आहेत.

लाइट आली. घरचे पंपाकडं पाठवतायत. उरलेलं नंतर.


हुरडापार्टी (बुधवार, दुपारी 1:40)

सर, "दार नंतर फिरतं" वाचून उठून बैठकीतल्या दारासमोर दोनदा करून बघितलं. बायको विचारतीय काय झालं.


मोसंबी (बुधवार, दुपारी 3:22)

जालन्यातून. खेळलो नाही, पण रात्रपाळीला अमेरिकेतल्या मॅचेस बघतो, आणि आकडे मांडायची खोड आहे.

पूर्ण मापाच्या मैदानावर पिचर ते प्लेट 18.44 मीटर. पिचर पाऊल टाकून सोडतो, म्हणजे प्रत्यक्षात साडेसोळा-सतरा मीटर धरा. मोठ्या लीगमधला ताशी 145 किलोमीटरचा बॉल साधारण 0.4 सेकंदात पोचतो. त्यातले जवळजवळ 0.15 सेकंद नुसती बॅट फिरायला. राहिले पाव सेकंद. त्यात बघा, ओळखा, ठरवा.

शालेय पिचर ताशी 100 चा टाकत असेल तर 0.6 सेकंदाच्या आसपास. त्याच हालचालीनं तो 85 चा टाकला तर सुमारे 0.7. हा जो सेकंदाचा दहावा भाग आहे, तो बॅटरनं कुठून भरून काढायचा? पाय तर दोन्ही वेळेला तेव्हाच पडला. म्हणजे पाय पडल्यावर थांबता येणं हीच खरी गोम. सरांनी तेच सांगितलं, मी फक्त पाढे म्हटले.

@गोदाकाठ, व्हिडिओ साध्या मोडवर काढला असेल तर सेकंदाला 30 फ्रेम, म्हणजे अख्खी बॅट फिरते चार-पाच फ्रेममध्ये. काही दिसणार नाही. स्लो मोशनला 240 ठेवा, तीच बॅट छत्तीस फ्रेममध्ये दिसेल. मग पाऊल टेकलं ती फ्रेम आणि हात सुटले ती फ्रेम, मधल्या मोजा.


स्क्वेअरलेग (बुधवार, संध्याकाळी 6:10)

फक्की सर, टप्प्याचा मुद्दा पटला. मान्य. पण मग ते जपानवाले? एक पाय बगळ्यासारखा उचलून उभं राहायचा तो सादाहारू ओह. त्यानं 868 होमरन मारले म्हणे. तिथं कुठं गेली तुमची वीत?


मोसंबी (बुधवार, संध्याकाळी 6:35)

868 बरोबर, जपानी लीगमध्ये. पण गोष्ट पुरी सांगा. ओह 1959 ला योमिउरी जायंट्सकडं आला आणि पहिली तीन वर्षं काही खास नव्हती. स्विंग सुरू करायला उशीर व्हायचा. 1962 ला त्याचे कोच हिरोशी अराकावा ह्यांनी त्याला एका पायावर उभं केलं, त्या वर्षी 38 होमरन. त्यामागं आयकिडोचा सराव होता, आणि टांगलेला कागद खऱ्या तलवारीनं कापायचा. एका पायावर तो उभा का राहू शकायचा, तर तोल मागच्या पायावर पक्का होता म्हणून. पाय कितीही उचला हो, पडताना अंग मागं राहिलं म्हणजे झालं.

उलट उदाहरण जपानच्याच शोहेई ओतानीचं. 2018 ला अमेरिकेत आला तेव्हा सराव सामन्यांत मार खाल्ला. मोसम सुरू व्हायच्या तोंडावर पाय उचलणं सोडलं आणि नुसता चवडा टेकवून टाच फिरवायला लागला. त्या वर्षी 22 होमरन आणि अमेरिकन लीगचा सर्वोत्तम नवोदित. एकानं पाय उचलून साधलं, दुसऱ्यानं पाय खाली ठेवून.


स्क्वेअरलेग (बुधवार, संध्याकाळी 6:41)

म्हणजे आमचे बापू म्हणतात तसंच. चपला काढून देवळात जा नाहीतर बाहेरून हात जोड, पावतो तोच.


तिसराबेस नांदेड (बुधवार, रात्री 9:30)

सकाळी सांगितलं होतं, आता लिहिते. सरांनी लांबीचं सांगितलं, मी दिशेचं सांगते, कारण माझं दुखणं ते होतं.

नववीत असताना एक बॉल बरगडीत बसला. सॉफ्टबॉल नावालाच सॉफ्ट, ज्यानं खाल्लाय त्याला विचारा. निळं-काळं पडलं, आजीनं हळद लावली, आठ दिवसांत बरं झालं. पण पाय बरा झाला नाही. बॉल सुटला की माझा डावा पाय पिचरकडं न जाता थर्ड बेसकडं जायला लागला. पळ काढल्यासारखा. मला स्वतःला कळायचंच नाही! मी शपथेवर सांगायचे की सरळ टाकतेय. उजव्या हाताच्या बॅटरचा पाय तिकडं गेला की कमर उघडते, डोकं बाजूला जातं आणि बाहेरच्या कडेचा बॉल दुसऱ्या तालुक्यात असल्यासारखा लांब वाटतो. पिचर हुशार असेल तर मग तिथंच टाकत राहतो. मी लागोपाठ सहा वेळा स्ट्राइकआउट झाले.

"घाबरू नको" असं सगळ्यांनी सांगितलं. त्यानं काय होतंय? भीती काय सांगून जाते? शेवटी एका ताईनं, आमच्याच टीमची मोठी खेळाडू, ठिबकची जुनी नळी आणली. माझ्या पुढच्या टाचेच्या मागं, पिचरच्या रेषेत लांबीनं टाकली. पाय बाजूला गेला की नळीवर पडायचा, चवड्याखाली गोल काहीतरी लागायचं. बॉल टेनिसचे. दोनशे-दोनशे. बॉल अंगावर आला तरी लागत नाही हे अंगाला कळलं, मग हळूहळू खरे बॉल. दीड महिना लागला. नळी काढल्यावर पण बरेच दिवस मला ती तिथं आहे असंच वाटायचं.

आणखी एक, आमच्या खेळात पिचर जवळ असते. मुलींना 13.11 मीटर. त्यामुळं बॉल हळू असला तरी वेळ तेवढाच, कधी कमीच. म्हणून सॉफ्टबॉलला मोठी पाऊल-उचल परवडत नाही. पोरगं दोन्ही खेळणार असेल तर छोटं पाऊलच शिकवा.

अवांतर: हेल्मेट. एका स्पर्धेला आमच्या सगळ्या टीमला मिळून दोन हेल्मेट होती, आणि त्यातल्या एकाचा कानाचा भाग सेलोटेपनं चिकटवलेला. नाव घेत नाही. असल्या हेल्मेटात उभ्या पोरीला "पाय सरळ टाक" म्हणणाऱ्यांना मी हात जोडते.


गोदाकाठ (बुधवार, रात्री 10:15)

ताई, हे वाचून पोराला विचारलं. त्याला बॉल लागलेला नाही. पाय सरळ जातो, फक्त लांब जातो. हात बघितले, पायाबरोबर पुढंच येतात. तुम्ही विचारलं ते बरोबर निघालं.


माळवद (गुरुवार, पहाटे 5:50)

मी ह्या खेळातलं काही जाणत नाही. वय बहात्तर. नातवानं हा धागा वाचून दाखवला. फक्की सरांचं "पाय आधी, हात शेवटी" ऐकलं आणि गोफण आठवली.

ज्वारी हुरड्यात आली की आम्ही माचाळावर राखणीला. पाखरांवर गोफण. आमच्या आज्यानं शिकवलं, डोक्यावरून दोन गिरक्या दे, मग पाय पुढं टाक, पाय भुईला लागला की मग हात आण, मग दोर सोड. आम्ही लेकरं घाईची. पाय उचललेला असतानाच दोर सोडायचो. गोटा पाखरांकडं जायच्या ऐवजी चुलत्याच्या माळवदावर. एकदा रांजण फोडला. आज्यानं गोफण काढून घेतली आणि दिवसभर नुसतं पाऊल टाकायला लावलं, रिकाम्या हातानं. रान नांगरलेलं होतं, ढेकळात पाऊल उमटायचं. म्हातारा काठीनं दाखवायचा, इथं टाच आधी पडली बघ, खोल गेलीय.

नातू म्हणतोय आता पुरे. लिहायचं होतं ते लिहिलं.


फक्की (गुरुवार, सकाळी 8:20)

@माळवद, आबा, नमस्कार. मी सत्तावीस वर्षं जे फक्कीवर शिकवलं ते तुमच्या आज्यानं ढेकळावर शिकवलं. आता काय बोलू.

गोदाकाठ, तेच करायचंय. प्लेटपाशी बॅटरच्या पुढच्या पायासमोर हातभर लांब-रुंद जागेत फक्कीचा पातळ थर पसरा. जाड नको, पिठी चाळल्यासारखा. फक्की नसेल तर चुलीतली राख. पोराला बॅट न देता दहा पावलं टाकायला लावा, दरवेळी "थांब" म्हणा. मग ठसा बघा. चांगल्या पावलाचा ठसा अर्धाच असतो, अंगठा आणि चवड्याची आतली कड. टाचेचा ठसा असेल तर वजन गेलं. ठसा पुढं फरफटलेला असेल तर पाऊल पडलं नाही, घसरलं, म्हणजे अंग पायाच्या पुढं पळालंय. फक्की खोटं बोलत नाही, आणि पोराशी वादही घालावा लागत नाही.

त्यानंतरची परीक्षा याहून सोपी. पाऊल टाकून थांबला की म्हणायचं, "आता तोच पाय परत उचल." अंग न हलवता उचलता आला तर वजन मागं आहे. उचलायला आधी अंग मागं झोकावं लागलं तर वजन पुढं गेलं होतं. शब्दांनी समजत नाही ते इथं दोन मिनिटांत समजतं.

हे जमलं की बॅट द्या. टाकलेला बॉल मात्र लगेच नको. पीव्हीसी पाइप जमिनीत रोवून वर सायकलच्या ट्यूबचा तुकडा बसवा, त्यावर बॉल ठेवून मारू द्या. मग तुम्ही बाजूला गुडघ्यावर बसून हळू बॉल उडवा, आणि चार-पाच बॉलमागं एकदा हात हलवून बॉल सोडूच नका. पाऊल पडेल, पण हात थांबले पाहिजेत. ह्यात पोरं चिडतात. चिडू द्या.

पोरानं पायच टाकला नाही ते अगदी चूक नाही, बरं का. आठवडाभर पाय फाकवून, पाऊल न टाकता, फक्त टाच उचलून-टेकवून मारायला लावतात तसं. त्यानं कमर कशी फिरते ते कळतं. पण टाच उचलायची असते हे सांगायचं राहिलं असेल, म्हणून पोरगं खांब झालं.


हुरडापार्टी (गुरुवार, सकाळी 8:45)

वाचनखूण साठवली. गोफण, फक्की, ठिबकची नळी, चुलीतली राख. अमेरिकेतल्या कोचला हा धागा भाषांतर करून दिला तर बिचारा राख कुठून आणणार?


स्क्वेअरलेग (गुरुवार, सकाळी 9:10)

एक गंभीर शंका. पोरगं दोन्ही खेळणार म्हणताय. सकाळी बेसबॉलचं आखूड पाऊल, संध्याकाळी क्रिकेटचा लांब फ्रंट फूट. दोन्ही बिघडणार नाही का?


तिसराबेस नांदेड (गुरुवार, सकाळी 9:40)

आमच्या टीममध्ये दोघी खो-खोच्या होत्या, एक भालाफेकवाली. बिघडलं कुणाचंच नाही. भालाफेकवरून आठवलं, अमेरिकेतल्या पायरेट्स टीमनं 2008 ला करार केलेले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, दोघंही मूळचे भालाफेकीतलेच. ते पिचर म्हणून गेले हे खरं, पण पुढचा पाय रोवून अंग त्यावर फिरवणं भाल्यातही आहेच.

बॅटची लांबी-वजन वेगळं, उभं राहणं वेगळं, बॅट धरायची जागा वेगळी. अंग ओळखतं की आपण कुठं उभे आहोत. फक्त एकाच दिवशी दोन्हीचा सराव नको, सुरुवातीला तरी.


फक्की (गुरुवार, सकाळी 10:02)

ताईंशी सहमत, पण अर्धाच. मोठ्या खेळाडूचं अंग ओळखतं. चौदा वर्षांच्याचं गोंधळतं. स्पर्धेच्या महिन्यात एकच खेळ, असं माझं मत. पालक ऐकत नाहीत, तो भाग वेगळा.


मोसंबी (गुरुवार, दुपारी 12:30)

2028 ला लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये क्रिकेट आणि बेसबॉल दोन्ही आहेत. पोराला तोवर ठरवायला वेळ आहे. :)

एक बारकी गोष्ट राहिली, नियमाची. बॅटरच्या चौकटीत राहूनच मारायचं. बॉलला बॅट लागली तेव्हा पाऊल पूर्णपणे चौकटीच्या बाहेर जमिनीवर असेल तर बॅटर आउट. बेसबॉलला चौकट 6 फूट लांब. दीड-दोन हाताचं पाऊल टाकणारा गडी पुढं सरकून उभा राहिला तर हा धोका आहेच. कबड्डीवाल्या सरांना रेषेचं लगेच पटेल.


गोदाकाठ (रविवार, दुपारी 2:05)

मंडळी, उशीर झाला, मध्ये दोन दिवस पाऊस होता. आज सकाळी सातला मैदानावर गेलो. जमीन काळी, वरून वाळलेली पण आत ओल, त्यामुळं बूट चिकटत होते. एका कोपऱ्यात मुरूम टाकलेला होता तिथं फक्की चाळली. घरचीच चाळणी नेली होती. ती परत स्वयंपाकघरात चालणार नाही असा निकाल लागलाय.

पहिलं पाऊल. ठसा बघून मी गप्प. पूर्ण बूट उमटलेला, टाच सगळ्यात खोल, आणि टाचेच्या मागं चार बोटं लांब ओरखडा. फरफटलेला, फक्की सर म्हणाले तसाच. पोरगं खाली बसून बघत होतं. म्हणालं, "पप्पा, हे तर मी ब्रेक मारल्यासारखं झालंय." मी काही बोललो नाही. पाय परत उचलायला सांगितला तर पाठीमागं असा झोकला की पडता पडता वाचला.

मग त्यानं आपणहून सुरू केलं. बॅट बाजूला ठेवली. पाऊल, बघ, पुसून फक्की सारखी कर, परत पाऊल. माझ्या हातात चाळणी. वीस-पंचवीस झाल्यावर एक अर्धा ठसा आला, अंगठा आणि त्याच्या बाजूची कड, बास. टाचेच्या जागी फक्की पांढरीधोप. त्यावर पुढचं पाऊल टाकायला तो तयारच होईना. "थांबा, फोटो काढा आधी." फोटो काढला. पुढची तीन परत पूर्ण बुटाची.

मग पाइपवर बॉल ठेवून मारले. मोसंबीभाऊ, 240 वर व्हिडिओ काढला. पाऊल टेकल्यापासून हात सुटेपर्यंत आधी काहीच अंतर नव्हतं, एकाच फ्रेममध्ये दोन्ही. आज शेवटच्या पाच-सहा बॉलना आठ-दहा फ्रेम सापडल्या. खांब्यावरच्या पट्ट्याच्या खाली हेल्मेट अजून जातंय, पण काठावर. लांब काही गेले नाहीत. पण दोन बॉल सेकंड बेसच्या वरून सरळ गेले आणि बॅटचा आवाज वेगळा आला. टक् नाही, जरा भरलेला. मला कळला, त्याला तर कळलाच.

फक्की सर, तुम्ही उडवलेल्या बॉलचं सांगितलं होतं, हात हलवून बॉल न सोडायचं. ते केलं. चारही वेळा बॅट फिरली आणि चौथ्यांदा पोरगं खरंच चिडलं, सर.

एक अडचण. मुरमावर जमतं ते काळ्या ओल्या जमिनीवर जमंना. चवडा टेकवला की बूट रुततो, टाच फिरतच नाही. स्पर्धा पुढच्या महिन्यात, आणि मैदान असंच असणार. काय करावं?


फक्की (रविवार, दुपारी 3:30)

हे मराठवाड्याचं खास दुखणं आहे, पुस्तकात मिळत नाही. चौकटीत उभा राहायच्या आधी पुढचा पाय जिथं पडणार ती जागा बुटानं घासून सपाट करून घ्यायची. पंचाची परवानगी घ्यायला लाजू नये. कोरडी माती मूठभर टाकता आली तर उत्तम. बुटाचे रबरी खिळे काडीनं खरवडून साफ करायचे, प्रत्येक वेळी. आणि ओल असेल त्या दिवशी पाऊल वीतभर नको, चार बोटं, नुसता चवडा उचलून टेकवला तरी चालेल. रुतायला खोलीच मिळाली नाही पाहिजे.

चारही वेळा फिरली ना बॅट? पुढच्या रविवारी आठ वेळा फसवा.


तिसराबेस नांदेड (रविवार, दुपारी 3:48)

तो अर्ध्या ठशाचा फोटो इथं टाका की!


गोदाकाठ (रविवार, दुपारी 4:20)

त्यानं टाकू दिला नाही. मोबाइलचा वॉलपेपर केलाय म्हणतो.


हुरडापार्टी (रविवार, दुपारी 4:26)

आणि चाळणी?


गोदाकाठ (रविवार, दुपारी 4:31)

नवीन आणायला निघालोय.